काचेवरचे ठिपके : स्पोरची नक्षी बसवताना गेलेली अडीच वर्षं

मागच्या महिन्यात एम.एस्सी.ला असलेल्या एका मुलीचा निरोप आला. "ताई, स्पोर काचेवर छान बसतात, पण धुतले की सगळे वाहून जातात. तीन महिने झाले. विषय बदलू का?" उत्तर लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की ते एका निरोपात मावायचं नाही. पाण्यातलं आर्सेनिक हे विष ओळखणाऱ्या जिवाणूंचे स्पोर, म्हणजे त्यांची झोपी गेलेली रूपं, काचेवर ठिपक्यांत बसवायच्या या कामाला मला जून २०२२ ते डिसेंबर २०२४ एवढा काळ लागला. त्यातले निदान आठ महिने अशा गोष्टींत गेले, ज्या कुणी आधी कानावर घातल्या असत्या तर वाचले असते. शोधनिबंधात 'स्पोर काचेवर स्थिर केले' एवढं एकच वाक्य असतं. त्या वाक्याच्या पोटात काय काय दडलेलं असतं ते घडलं त्या क्रमाने सांगते.

आधी विषय थोडक्यात. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पश्चिम बंगालमध्ये हातपंपाच्या पाण्यातून ते वर्षानुवर्षं लोकांच्या पोटात जात राहिलं आणि ऐंशीच्या दशकात उघडकीला आलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. एवढं कमी आर्सेनिक ओळखायला महागडी यंत्रं लागतात, पण काही जिवाणूंना ते आपोआप ओळखता येतं. त्यांच्यात आर्सआर नावाचं प्रथिन डीएनएवर बसून एक जनुक बंद ठेवतं. आर्सेनिक आलं की ते प्रथिन सुटतं आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. त्या जनुकाच्या जागी जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन बसवलं, की आर्सेनिक असलेल्या पाण्यात पेशी हिरवी दिसते. यालाच पेशी-आधारित संवेदक म्हणतात.

अडचण अशी की जिवंत पेशी टिकत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवल्या तरी काही आठवड्यांत मंदावतात, मरतात, आणि गावातल्या विहिरीपाशी फ्रिज कुठून आणायचा? बॅसिलस सबटिलिस या जिवाणूकडे याचं उत्तर आहे. अन्न संपलं की तो स्पोर बनतो, म्हणजे उष्णता आणि कोरडेपणा सोसणाऱ्या कवचात झोपी जातो. पुस्तकी मराठीत बीजाणू म्हणतात, पण लॅबमध्ये सगळे स्पोरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. गवताचा काढा उकळला तरी त्यातून हे जंतू पुन्हा उगवतात, हे फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्येच दाखवलं होतं. केंटकी विद्यापीठातल्या सिल्व्हिया डॉनर्ट यांच्या गटाने २००७ मध्ये आर्सेनिक आणि जस्त ओळखणारे जिवाणू स्पोरच्या रूपात साठवून पुन्हा जागे करून दाखवले. मी तो निबंध एम.एस्सी.ला असताना वाचला होता आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेला नव्हता.

माझं काम त्याच्या पुढचं: हे स्पोर काचेच्या स्लाइडवर ठरावीक जागी, ठरावीक आकाराच्या ठिपक्यांत बसवायचे. नुसते फासले तर कुठे दाट, कुठे विरळ होतात आणि प्रकाश मोजताना कशाची तुलना कशाशी करायची तेच कळत नाही. ठिपके असले की एका रांगेत आर्सेनिक ओळखणारा वाण (जिवाणूचा प्रकार), दुसऱ्या रांगेत साधा वाण तुलनेसाठी, आणि मधली मोकळी काच शून्य धरायला, असं एकाच स्लाइडवर जमतं.

जुलै २०२२ मध्ये कागदपत्रांनी सुरुवात झाली. जनुकीय बदल केलेला जिवाणू हाताळायचा तर १९८९च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. बॅसिलस सबटिलिस सर्वांत कमी धोक्याच्या गटात येतो, त्यामुळे मला वाटलं होतं की पंधरा दिवसांत काम होईल. साडेचार महिने लागले. ऑगस्टच्या बैठकीत माझा अर्ज घेतलाच नाही, कारण एका पानावर माझ्या मार्गदर्शक मॅडमची सही राहिली होती. पुढची बैठक ऑक्टोबरमध्ये होती. समितीत जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला एक बाहेरचा सदस्य असतो आणि त्याच्याशिवाय बैठक होत नाही. ऐनवेळी त्यांना येता आलं नाही. परवानगी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडली. तुम्हालाही हे करायचं असेल तर अर्जाचा कच्चा मसुदा बैठकीच्या पंधरा दिवस आधी सदस्य-सचिवांना दाखवून घ्या. जिवाणू कुठून आणणार, कुठे ठेवणार आणि मारणार कसा, या तीन प्रश्नांवर सगळी चर्चा होते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तोवर चांगलंच कळलं होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

परवानगीची वाट पाहताना हातावर हात ठेवून बसायचं नाही, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "साध्या जिवाणूला परवानगी लागत नाही. तोवर स्पोर करायला शीक. अर्धी पीएच.डी. त्यातच आहे." आमच्या पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा जिवाणूंचा संग्रह आहे. तिथून बॅसिलस सबटिलिसचा साधा वाण ऑगस्टमध्ये आणला.

स्पोर करायचं माध्यम सोपं आहे: न्यूट्रिएंट ब्रॉथ, पोटॅशियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, निर्जंतुक झाल्यावर थंड करून कॅल्शियम, मँगनीज आणि लोह अगदी थोडं घालायचं. ३७ अंशांवर ४८ तास हलवत ठेवायचं. पहिली खेप बाहेर काढली, फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर सगळीकडे काळसर काड्या, म्हणजे साध्या पेशी. स्पोर असते तर चमकदार पांढरे दाणे दिसले असते. दुसऱ्या खेपेतही तेच. तिसऱ्या वेळी वहीत एकेक ओळ बोट ठेवून वाचली तेव्हा सापडलं. मँगनीजचं द्रावण मी दोन्ही वेळा घातलंच नव्हतं. लागतं ते केवळ १० मायक्रोमोलर, पण मँगनीज नसेल तर हा जिवाणू नीट स्पोर बनवत नाही. तेव्हापासून मी बाटलीवरच पेन्सिलने तीन चौकोन काढते, एकेक क्षार घातला की एकेक चौकोन भरते.

सप्टेंबरच्या खेपेत दाणे चमकले. आता धुणं. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवल्यावर तळाशी जो गोळा बसतो त्याला दोन थर असतात. खाली घट्ट मातकट थर स्पोरचा, वर हलका पांढुरका थर मेलेल्या पेशींचा आणि कचऱ्याचा. वरचा थर पिपेटने हलकेच पाणी सोडून उचलून टाकायचा. हे रोज एकदा, सहा-सात दिवस, थंड निर्जंतुक पाण्यात. मधल्या वेळात नळी ४ अंशांवर. एका दिवसात सात वेळा धुण्यापेक्षा सात दिवस एकेकदा धुतलेलं कितीतरी बरं, कारण उरलेल्या पेशी या काळात आपोआप फुटतात. शेवटी शंभरातले पंचाण्णव दाणे चमकदार दिसेपर्यंत मी थांबत नाही. थोडे ८० अंशांवर २० मिनिटं तापवून जिवाणू वाढवायच्या प्लेटवर टाकायचे. पेशी मरतात, स्पोर उगवतात, त्यावरून मोजणी होते. माझा साठा मिलिलिटरला १००० दशलक्ष, म्हणजे दहाचा नववा घात. हा आकडा पुढे लागणार आहे.

याच महिन्यात एक गोष्ट घडली, तिचं मला अजून वाईट वाटतं. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सीनियरच्या प्लेटवर कोरड्या, सुरकुतलेल्या पांढऱ्या वसाहती येऊ लागल्या. आधी एका प्लेटवर, मग सगळ्याच. तिचा एक महिन्याचा प्रयोग वाया गेला. वसाहती माझ्याच होत्या. मी रोज काम झाल्यावर टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसत होते, आम्हाला पहिल्या वर्षापासून तसंच शिकवलेलं. अल्कोहोलने पेशी मरतात, स्पोर मरत नाहीत. मी रोज नेमाने स्पोर सगळ्या टेबलभर पसरवत होते. लॅबमधल्या मामांनी मग मला ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची स्पोरची पट्टी दाखवली. ऑटोक्लेव्ह नीट चालतोय का हे तपासायला तीच ठेवतात, कारण स्पोर मेले म्हणजे बाकी सगळं मेलंच. "तू ज्याच्याशी खेळतेयस तो आमचा परीक्षक आहे बाई," ते म्हणाले. तेव्हापासून माझ्या टेबलावर त्याच दिवशी पातळ केलेलं हायपोक्लोराइट (ब्लीच) असतं, दहा मिनिटं ठेवायचं, मग पाण्याने पुसायचं, नाहीतर स्टीलला गंज धरतो. टाकाऊ सगळं १२१ अंशांवर. पिपेटही वेगळ्या, कोटही वेगळा. सीनियरची मी माफी मागितली. ती इतकंच म्हणाली, "आता हे पुढच्या मुलींना पहिल्या दिवशी सांग." म्हणून हा परिच्छेद एवढा लांबला.

आर्सेनिकचा वाण दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेने द्यायचं कबूल केलं होतं. डिसेंबरमध्ये देवाणघेवाणीचा करार लिहिला. दोन्हीकडचे कायदा विभाग, दोन्हीकडच्या सह्या, मग पुन्हा आमच्या समितीला कळवणं. कुपी आली मार्च २०२३ मध्ये. करार आधी सुरू करा, वाण लागेल तेव्हा नव्हे.

मधल्या काळात नक्षी कशी करायची हा प्रश्न. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९३ मध्ये रबरासारख्या पीडीएमएसच्या शिक्क्याने पृष्ठभागावर रेणू छापायची पद्धत मांडली. शिक्का करायला साचा लागतो आणि साचा करायला क्लीनरूम, म्हणजे धूळ येऊ न देणारी खोली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये ती कुठून असणार? मुंबई आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीत २००८ पासून आयएनयूपी हा सरकारी उपक्रम चालतो. बाहेरच्या शैक्षणिक संस्थांतल्या संशोधकांना प्रस्ताव पाठवून तिथल्या सोयी वापरता येतात. आता त्यात आणखी आयआयटीही आल्या आहेत. मी जानेवारी २०२३ मध्ये प्रस्ताव पाठवला. पहिल्या मसुद्यात मी आर्सेनिकवरच तीन पानं लिहिली होती. तिथल्या लोकांना हवं असतं ते वेगळंच: कुठलं यंत्र, किती तास, किती मायक्रोमीटरचा आकार, काय उंची. तो भाग नीट लिहिला तेव्हा होकार आला. मंजूर कामाला वापराचं शुल्क पडलं नाही. खर्च झाला तो प्रवासाचा, राहण्याचा आणि नक्षी छापलेल्या पारदर्शक फिल्मचा, जिच्यातून साच्यावर प्रकाश पाडतात. फिल्म साधारण दीड हजाराला पडली. ५० मायक्रोमीटरपेक्षा मोठे आकार असतील तर तिच्याऐवजी महागड्या क्रोमच्या मास्कची, म्हणजे नक्षीच्या काचेची, गरज नाही.

एप्रिल २०२३. पहाटेच्या सिंहगड एक्सप्रेसने ठाणे, तिथून स्लो लोकलने कांजूरमार्ग. मुंबई आयआयटीत चार दिवस. क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख आणि पिवळा प्रकाश, कारण एसयू-८ हा प्रकाशाने घट्ट होणारा लेप साध्या दिव्यातल्या निळ्या-जांभळ्या किरणांनीही बिघडतो. सिलिकॉनच्या चकतीवर लेप गरगर फिरवून पसरायचा, ६५ आणि मग ९५ अंशांवर भाजायचा, फिल्ममधून अतिनील प्रकाश द्यायचा, पुन्हा भाजायचा, मग नको तो भाग द्रावकात विरघळवायचा. तिथल्या तंत्रज्ञ दादांनी एक खूण सांगितली ती कुठल्याच निबंधात वाचली नव्हती. शेवटी आयसोप्रॉपिल अल्कोहोलने धुताना दुधासारखा पांढरा पडदा दिसला, तर विरघळणं अजून पुरं झालेलं नाही, परत द्रावकात टाकायचं. पहिल्याच चकतीवर तो पडदा दिसला. स्पोर मात्र क्लीनरूममध्ये न्यायचे नाहीत. तिथे फक्त साचा करायचा, जीव सगळे आपल्या लॅबमध्ये.

पुण्यात परत आल्यावर पीडीएमएस ओतला. दोन भागांचा संच आम्हाला साधारण १९ हजारांना पडला होता. दहाला एक या प्रमाणात मिसळायचं, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा ओढून घेता येणाऱ्या बंद भांड्यात, बुडबुडे काढायचे, ७० अंशांवर तीन तास. माझा शिक्का तीन तासांनी चिकट, रात्रभर ठेवला तरी चिकट. दोन खेपा फुकट गेल्या. कारण हातमोजे. लेटेक्सच्या मोज्यांतल्या गंधकामुळे पीडीएमएसचं उत्प्रेरक मारलं जातं आणि ते घट्ट होत नाही. नायट्राइलचे मोजे घातल्यावर तिसरा शिक्का टणक निघाला.

मे ते सप्टेंबर २०२३ हा काळ सर्वांत कठीण. शिक्का हाताशी होता, स्पोर हाताशी होते, आणि काहीच जमत नव्हतं. आधी स्पोरचं पाणी थेट शिक्क्यावर लावून छापलं. पीडीएमएसला पाणी धरत नाही. थेंब गोळा होऊन एका कोपऱ्यात पळायचे. जे ठिपके उमटले त्यांचे स्पोर कडेला जमून वर्तुळ झालं, मधे रिकामं. कॉफीचा थेंब टेबलावर वाळला की जशी कड उरते तसं. मग रीत बदलली. शिक्क्याने आधी पॉली-एल-लायसिन छापायचं. त्यावर धन विद्युतभार असतो आणि स्पोरच्या पृष्ठभागावर ऋण, त्यामुळे चिकटतात. उरलेल्या काचेवर स्पोर बसू नयेत म्हणून ती बीएसए या प्रथिनाने झाकायची, मग स्पोर सोडायचे. कागदावर एकदम चोख. प्रत्यक्षात ठिपक्यांवरही स्पोर बसले नाहीत. कधी थोडे बसायचे, धुतले की जायचे. निरोप पाठवणाऱ्या मुलीसारखीच माझी अवस्था.

त्या पावसाळ्यात मी आईला रोज फोन करायचे. तिला सूक्ष्मजीवशास्त्रातलं काही कळत नाही, पण ती रोज एकच प्रश्न विचारायची, "चिकटले का गं?" मी नाही म्हणायचे. एकदा फोनवर बराच वेळ रडले. ती काही समजावत बसली नाही. "जेवलीस का?" विचारलं, आणि "उद्या परत कर" म्हणाली.

कारण ऑगस्टअखेर एका संध्याकाळी मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं. बीएसएवर तटस्थ पाण्यात ऋण भार असतो. म्हणजे तेही पॉली-लायसिनकडे ओढलं जातं. काच झाकायला घातलेलं बीएसए माझ्या ठिपक्यांवर आधीच जाऊन बसत होतं आणि स्पोरला जागाच उरत नव्हती. क्रम उलटा हवा होता: आधी स्पोर, मग बीएसए. पण स्पोर आधी सोडले तर ते सगळीकडे बसणार. मग मधली काच तेवढ्यापुरती झाकायची कशी?

मॅडम म्हणाल्या, "शिक्का सोड. छिद्रांचा पडदा कर." आणि मला एकदम आईचा रांगोळीचा कागद आठवला. दिवाळीत ती जाड कागदावर उदबत्तीने ओळीने भोकं पाडायची. कागद अंगणात ठेवून वरून रांगोळी फिरवायची, कागद अलगद उचलला की सारवलेल्या जमिनीवर ठिपके तयार. मला हवं होतं ते हेच. पीडीएमएसचा छिद्रांचा पातळ पडदा काचेवर ठेवायचा, छिद्रांतून पॉली-लायसिन, त्याच छिद्रांतून स्पोर, धुवायचं, आणि मग पडदा उचलायचा. बीएसए सगळ्यात शेवटी.

यासाठी साचा नवा हवा होता. पहिल्या साच्यावरचे खांब २५ मायक्रोमीटर उंच होते, त्यांच्या उंचीचा पडदा हातात धरताच फाटला असता. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा मुंबई, यावेळी घट्ट एसयू-८ घेऊन १०० मायक्रोमीटर उंचीचे खांब. त्यावर पीडीएमएस पसरताना खांबांची डोकी वर राहिली पाहिजेत, म्हणजे पडदा ७० मायक्रोमीटरच्या आसपास. डोकी बुडाली तर छिद्रं आरपार पडत नाहीत. पडदा सोलताना कडेला जाड पीडीएमएसची चौकट आधीच चिकटवून घ्या, म्हणजे तो गुंडाळत नाही. मी पहिले चार पडदे चौकटीशिवाय सोलले आणि चारही फाटले.

जानेवारी २०२४ मध्ये पहिली स्लाइड केली. काही छिद्रांत ठिपका, काही पूर्ण रिकामी, कुठलाच नियम दिसेना. सूक्ष्मदर्शकात नीट पाहिलं तर रिकाम्या छिद्रांत हवेचा बुडबुडा अडकलेला. उपाय दोन मिनिटांचा निघाला. थेंब टाकून स्लाइड डेसिकेटरमध्ये ठेवायची आणि व्हॅक्यूम लावायचा, बुडबुडे वर येऊन फुटतात. मग पॉली-लायसिन अर्धा तास, धुणं, स्पोर एक तास. स्पोर शुद्ध पाण्यातच सोडा. क्षार जास्त असले की विद्युतभाराची ओढ कमी होते. निरोप पाठवलेल्या मुली, तू स्पोर फॉस्फेट बफरमध्ये सोडत असशील तर आधी तेवढं बदलून बघ.

किती दाट बसतील याचा हिशेब आधी करता येतो. माझा ठिपका १०० मायक्रोमीटर व्यासाचा. त्याच्यावर १०० मायक्रोमीटर उंचीचा पाण्याचा खांब धरला, आणि साठा मिलिलिटरला दहाचा नववा घात असला, तर त्या खांबात साधारण आठशे स्पोर येतात. स्पोर फार हळू खाली बसतात, एका तासात तीन-चारशे मायक्रोमीटर म्हणजे पुष्कळ. साठा दहापट पातळ केला की ठिपकाही तितकाच विरळ. मला ठिपक्यात चारपाचशे हवे होते, एकावर एक न चढता, म्हणून मी साठा पाचपट पातळ करून तासभर थांबते.

२४ जानेवारीला पडदा उचलला आणि रांगेत ठिपके उभे होते. एकही ठिपका दुसऱ्याला चिकटलेला नाही. मामांना बोलावून दाखवलं. आईला फोन केला. "चिकटले," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीत त्यांना जागं केलं. स्पोर आधी ७० अंशांवर अर्धा तास तापवलेले असले की लवकर आणि एकसाथ उगवतात. स्लाइडवर स्पोरला जागं करणाऱ्या एल-ॲलानिन या अमिनो आम्लाचं द्रावण सोडलं, खालून ३७ अंश. फेज कॉन्ट्रास्टखाली चमकदार दाणे एकेक करून काळे पडू लागले. स्पोरच्या गाभ्यात डायपिकोलिनिक आम्ल कॅल्शियमसह ठासून भरलेलं असतं, वाळलेल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं. अंकुरताना ते बाहेर पडतं, आत पाणी शिरतं, आणि चमक जाते. म्हणजे दाणा विझला की जीव जागा झाला. वीस मिनिटांत अख्खा ठिपका विझत गेला. मी डोळे न हलवता बघत होते. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकात बघतेय, पण तो ठिपका अजून डोळ्यांसमोर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच स्लाइडवर पोषक माध्यम टाकून ठेवलेलं पाहिलं तर ठिपके नाहीसे. सगळ्या काचेवर पोहणाऱ्या काड्या. नक्षी कुठे होती हेसुद्धा सांगता येईना.

हीच गोष्ट मला सगळ्यांना सांगायची आहे, कारण निबंधांतल्या सुंदर फोटोंत ती दिसत नाही. काचेला चिकटलेलं असतं ते स्पोरचं कवच. उगवणारी पेशी कवच फोडून बाहेर येते, कवच तिथेच टाकते आणि निघून जाते. आपण चिकटवतो ते घर. राहणारा मोकळाच असतो. सबटिलिसला तर पोहताही येतं. म्हणून स्पोर किती घट्ट बसले हे मोजून काम संपत नाही. उगवल्यानंतर दोन तासांनी पेशी कुठे आहेत ते बघायलाच हवं, आणि तेही पहिल्याच महिन्यात, अगदी शिक्का वा पडदा नीट जमण्याच्याही आधी. मी ते दीड वर्षानंतर बघितलं.

उपाय साधा निघाला: ठिपक्यांवर १.५ टक्के ॲगरोज या जेलीची पातळ वडी. तिच्यातून पाणी, ॲलानिन, आर्सेनिक खाली झिरपतं, पण पेशीला पोहायला जागा उरत नाही. उगवते तिथेच वाढते. वडी ठेवताना सरकली तर ठिपके पुसले जातात, म्हणून ती एका कडेने टेकवून हळूहळू आडवी सोडायची, पापड तेलात सोडतात तशी. मार्चअखेर दहापैकी आठ स्लाइडवर ठिपके तीन तासांनंतरही जागेवर होते.

मग आर्सेनिकचा वाण. जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा आर्सेनिक घातलेल्या पाण्याचे ठिपके साध्या पाण्याच्या ठिपक्यांपेक्षा स्पष्ट हिरवे दिसले. दिसायला काही तास लागतात, कारण आधी उगवणं, मग प्रथिन तयार होणं, मग ते चमकण्याजोगं होणं. लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक अजून अंधुक आहे, जास्त आर्सेनिकला ठळक. त्यावर काम चालू आहे. आर्सेनिकचं द्रावण हाताळायची परवानगी आणि त्याच्या कचऱ्याची वेगळी नोंद लागते, तिचा अर्ज वाण यायच्या आधीच देऊन ठेवा.

१२ एप्रिल २०२४ ला मी दहा स्लाइड ठिपके बसवून वाळवल्या आणि सिलिका जेलच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या, फ्रिजबाहेर, पुण्याच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. वाळवताना पंखा लावायचा नाही, कडेचे स्पोर उखडतात. डिसेंबरमध्ये दोन काढल्या. डब्यातल्या जेलचे निळे दाणे पावसाळ्यात एकदा गुलाबी झाले होते, ते बदलले होते. ॲलानिन सोडलं, घड्याळ लावलं. पहिले काही दाणे अकराव्या मिनिटाला विझले, मग बाकीचे. एप्रिलमध्ये ताज्या स्लाइडला जेवढा वेळ लागला होता त्यापेक्षा थोडा जास्त, पण जवळपास सगळे जागे झाले.

उरलेल्या आठ स्लाइड तेव्हा त्याच डब्यात ठेवल्या. पुढच्या दोन जून २०२५ मध्ये उघडायच्या, अशी तारीख झाकणावर लिहिली होती. छिद्रांच्या पडद्याचा साचा आमच्या लॅबच्या कपाटात आहे आणि त्यावरून आणखी पडदे निघतील. कुणाला एखादा हवा असेल तर मॅडमना विचारून पाठवेन, फक्त पाकिटावर 'मोडण्यासारखे' असं लिहा आणि चौकटीसकट परत पाठवा.